सिस्टरबाईंची किसणी

सिस्टरबाईंनी माझ्या हाती दिलेला वाळवणाचा एकही डबा मी घरात नेला नाही. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला नाही, आणि मायला सांगायचं ते आता कायमचं राहून गेलं. डबा दुकानात गल्ल्याखाली ठेवायचा. संध्याकाळी पिशवीत घालून मोटरसायकलनं रेल्वे फाटकापलीकडं जायचं, तिथं चरणाऱ्या बकऱ्यांपुढं तो ओतायचा, हापशीवर डबा धुवायचा. रिकामा डबा परत करत नाहीत, म्हणून त्यात तांदूळ भरायचे, दुसऱ्या दिवशी बाईंच्या हाती द्यायचा आणि वर म्हणायचं, "सिस्टरबाई, लई मस्त झाली होती भाजी." असे काही उन्हाळे गेले. पुढंपुढं तर त्या बकऱ्या माझ्या गाडीचा आवाज ओळखायला लागल्या होत्या.

हे आधीच लिहून टाकलं. नाहीतर बाईंबद्दल लिहिता लिहिता मी स्वतःला नेहमीसारखा भला माणूस करून घेतला असता.

नागभीडला आमचं भांड्यांचं दुकान आहे. पुढं दुकान, मागं घर, घरामागं सांदवाडी, म्हणजे परसातली मोकळी जागा. सांदवाडीच्या भिंतीपलीकडं सिस्टरबाईंचं घर. आडनाव खोब्रागडे, पण ते फक्त लाइटच्या बिलावर. सगळं गाव त्यांना सिस्टरबाईच म्हणायचं. नर्सची सगळी नोकरी त्यांनी एटापल्लीकडं जंगलात काढली आणि रिटायर झाल्यावर इथं घर घेतलं. मुलगी लग्न होऊन आरमोरीला, नवरा आधीच गेलेला. उंच, काटक बाई. घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायच्या. वेळ बघायची तर हात उलटा करून अशा बघायच्या, की समोरच्याला आपली नाडी मोजली जातेय असं वाटावं.

त्या पहिल्यांदा दुकानात आल्या तो दिवस मला आठवतो. म्हणाल्या, "भाऊ, चिप्सची किसणी दाखवा."

मी होत्या नव्हत्या त्या सगळ्या काढून ठेवल्या. बाईंनी किंमत विचारली नाही. एकेक उचलून पातं उजेडाकडं धरलं, जाडी कमी-जास्त करायचा खटका फिरवून पाहिला, आणि विचारलं, "टोपी कुठी हाये?"

"कोणती टोपी?"

"बटाट्याले वरून धरते ते. बोट अन पात्याच्या मधात राह्यते ते."

मी म्हणालो, ती लोक घेत नाहीत.

"लोकं घेत नाईत, का तुमी देत नाई?"

खरं म्हणजे टोपीमुळे किसण्यांचे डबे एकावर एक नीट बसत नव्हते. म्हणून माल आला की मी टोप्या काढून एका खोक्यात टाकून द्यायचो. ते खोकं त्यांनी मला माळ्यावरून काढायला लावलं. मग स्टुलावर बसल्या, एकेक टोपी पदरानं पुसली आणि ज्या किसणीची ज्या किसणीला लावत गेल्या. मी मध्येच म्हणालो, "राहू द्या ना, मी करीन." तर म्हणाल्या, "तुमच्यावर भरोसा असता तं मी कायले बसली असती."

एवढं झाल्यावर पिशवीतून बटाटा काढला. माझं काउंटर पुसायचं फडकं ओलं करून किसणीच्या पायाखाली दाबलं. "हे सरकली का बोट गेलं. आधी पाय पक्का पाह्यजे." टोपीचे काटे बटाट्यात रुतवले, बोटं वर उचललेली ठेवून नुसत्या तळहातानं दाबत बटाटा खाली-वर नेला. खर्र, खर्र. चकत्या खाली पडत गेल्या. एक उचलून त्यांनी ट्यूबलाइटसमोर धरली. "पाहा, हेच्यातून तुमचं तोंड दिसून राह्यलं."

शेवटी बोटभर तुकडा टोपीला लटकून राहिला. मी म्हणालो, "एवढा वाया जाते."

"वाया नाई जात, वरणात जाते. लोकं साऱ्या बटाट्यापायी बोट देत नाईत भाऊ, ह्या शेवटच्या तुकड्यापायी देतेत."

मग हात धुतले, दोन्ही पंजे पसरून समोर धरले आणि मोठ्यानं बोटं मोजली. दहा झाल्यावर म्हणाल्या, "सगळे घरी आले."

डाव्या हाताची तर्जनी पेरभर आखूड होती. मी पाहतोय हे त्यांनी पाहिलं. "हा बुटका हाये," म्हणाल्या, "पण येते घरी."

त्या बोटाची गोष्ट त्यांनी पुढं एका बाजाराच्या दिवशी सांगितली. एटापल्लीकडं पावसाळ्यात नाले चढले की रस्ता बंद. भाजीची गाडी यायची नाही. मग सगळ्यांनी उन्हाळ्यातच तजवीज करायची. वांग्याच्या पातळ चकत्या कडक उन्हात वाळवून ठेवायच्या, त्यांना आमच्याकडं खुला म्हणतात. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, जेव्हा हिरवं काही मिळत नाही, तेव्हा त्या भिजवून शिजवायच्या. विळीवर चिरलेल्या चकत्या कुठं जाड, कुठं पातळ होतात. जाड असेल तिथं ओल राहते आणि एका चकतीची बुरशी सगळ्या डब्याला लागते. म्हणून बाईंच्या भावानं नागपूरहून किसणी पाठवली होती. तिला टोपी नव्हती. शेवटच्या तुकड्याला बोट गेलं.

"बाहेर बाया लेकरं घेऊन बसल्या होत्या, टीके टोचाले. मीच पेशंट, मीच सिस्टर. एका हातानं दुसऱ्या हाताले पट्टी बांधून राह्यली, तं त्याच्यातली एक म्हातारी आली, पट्टीचं टोक धरलं, अन गोंडीत काहीतरी बोलली. साऱ्या बाया हासल्या. मी इचारलं काय म्हणे. तं म्हणे, भाजी आमी बी खातो बाई, पण बोट टाकत नाई."

हे सांगताना त्या स्वतःच इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले.

बाजाराच्या दिवशी दुकानातलं स्टूल त्यांचंच. किसणीचं गिऱ्हाईक आलं की मला बोलायचं काम नाही. एकदा खेड्यावरचा एक तरुण आला. म्हणाला, टोपी नको, भाव कमी करा. सिस्टरबाईंनी त्याला वरून खालपर्यंत पाहिलं.

"लगन झालं का?"

"हो जी."

"बायकोचे बोटं मोजून आला का घरून?"

तो गडबडला. "नाई जी."

"मोजून ये. टोपी नाई नेली तं पुन्हा मोजा लागतीन, हिसाब बराबर पाह्यजे."

तो टोपीसकट घेऊन गेला. वर जाताना बाईंना नमस्कार करून गेला.

मला या सगळ्याची गंमत वाटायची आणि सवयही झाली. बाई आल्या की मी चहा मागवायचो. समोरच्या टपरीवरून, कागदी कपात. माझं घर दुकानाच्या मागच्या दारापलीकडं होतं, गॅसवर चहा उकळत असायचा, त्याचा वास दुकानात यायचा. पण सिस्टरबाईंसाठी चहा टपरीवरूनच यायचा.

सिस्टरबाई बौद्ध. आम्ही हिंदू, आजोबांच्या काळात शेतीतून भांड्यांच्या धंद्यात आलेले. लहानपणी आमच्या दुकानात एक वेगळा पेला खिळ्याला टांगलेला असायचा. तो कोणासाठी असतो हे मला कोणी शिकवलं नव्हतं, तरी मला ते माहीत होतं. पुढं वडील गेले, पेला मीच काढून भंगारात टाकला, आणि गल्ल्यावर बसून चार लोकांत म्हणायला लागलो की आपण असलं काही मानत नाही. माझं मत चांगलंच होतं. पण डबा हातात आला की हात ऐकायचा नाही. फाटकाकडं जायचा.

बाईंचा एक नियम होता. "बोलावल्याबिगर मी कोणाच्या घरात पाय टाकत नाई. डिलिव्हरी सोडून." हे त्या हसत सांगायच्या. असा नियम माणसाला कशाकशातून शिकावा लागतो, ते मला कळत होतं. तरी भिंतीपलीकडच्या त्या बाईला मी कधी "घरात या" म्हटलं नाही. म्हणून त्या डबा दुकानातच द्यायच्या. "काकूले द्या," म्हणायच्या. काकू म्हणजे माझी माय. आणि दुसऱ्या दिवशी खोदून खोदून विचारायच्या, "भाजीत काय टाकलं होतं?"

मला काहीतरी सांगावं लागायचं. एकदा सांगून बसलो, "जवसाचं कूट."

"जवस? खुलात?"

"माय टाकते."

मायचं नाव त्या खोट्यात पहिल्यांदा आलं ते असं. किती सहज आलं.

एका वर्षी डबा आला त्या संध्याकाळी मला फाटकाकडं जायला जमलं नाही. डबा गल्ल्याखालीच राहिला. सकाळी दुकान उघडतो तो बाई दारात. "कशा झाल्या भाऊ?"

"एकदम मस्त. वांगं तर लोण्यासारखं शिजलं."

"वांगं?"

"हो ना."

बाईंनी हात उलटा करून घड्याळ पाहिलं. "बरं," म्हणाल्या आणि गेल्या.

संध्याकाळी बकऱ्या धावत आल्या. मी डबा ओतला. पुढच्या बकरीनं वास घेतला, मान फिरवली, आणि मागच्या सगळ्या थांबल्या. मी वाकून पाहिलं. कारल्याच्या चकत्या होत्या. हळद-मीठ लावून वाळवलेल्या, मधून बिया काढलेल्या, खेळण्यातल्या गाडीच्या चाकांसारख्या, सगळ्या एका मापाच्या. कोणीतरी एकेका कारल्याच्या बिया काढत, एकेक चकती उन्हात उलटवत किती वेळ बसलं असेल, हे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांपुढं आलं. मी तिथल्याच एका छोट्या पुलाच्या कठड्यावर बसून राहिलो. त्या चकत्या परत डब्यात भराव्यात असं वाटलं. भरल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी तांदळाचा डबा दिला. बाईंनी झाकण काढून तांदूळ पाहिले, झाकण लावलं. मग शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, एक इचारू का? राग नोका मानू. काकूले आमच्या घरचं चालत नाई का?"

दुकानात दुसरं कोणी नव्हतं. खरं बोलायला याहून बरी वेळ मिळाली नसती. मी मान हलवली. हो म्हणालो नाही, नुसती मान हलवली, म्हणजे पुढंमागं नाकारता यावं. आणि वर म्हणालो, "जुन्या वळणाची आहे ती."

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "म्हाताऱ्या माणसाले काय म्हणावं."

माय त्या वेळी आत खुर्चीवर बसून तांदूळ निवडत होती. कसला डबा, कसल्या खुला, तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं नको म्हटलं नव्हतं, कारण मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

मायबद्दल थोडं सांगायला हवं. एके काळी तिच्या वाळवणानं सगळी सांदवाडी भरायची. पण संधिवातानं तिची बोटं वाकडी झाली, गुडघे गेले, विळीवर बसणं बंद झालं. चाकू धरला तर सुटायचा. मग उन्हाळाभर ती खुर्ची टाकून दारात बसायची आणि म्हणायची, "एवढं ऊन वाया चाललं बापू." तेवढंच म्हणायची, पण रोज म्हणायची.

पुढच्या उन्हाळ्यात डबा आला नाही. बाई बाजाराच्या दिवशी स्टुलावर येऊन बसायच्या, पण लवकर उठायच्या. मग मे महिन्यात एके दिवशी त्यांनी नवी किसणी मागितली. म्हटलं, तुमच्याकडं आहे ना. "हाये. दुसरी पाह्यजे. डबा फोडू नोका."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सांदवाडीत कूलरमध्ये पाणी भरत होतो. मागचं फाटक वाजलं. सिस्टरबाई. बगलेत किसणीचा बंद डबा.

"काकू, येऊ का?" असं त्यांनी मायला विचारलं. आणि माझ्याकडं पाहून म्हणाल्या, "ही बी एक डिलिव्हरीच समजा."

मग मायसमोर उभ्या राहून, पाठ करून आणल्यासारखं बोलल्या, "काकू, वांगे तुमच्याच टोपल्यातले घेऊ. पाणी तुमच्या नळाचं. ऊन तं तुमच्याच सांदवाडीतलं. अन मशीन कोण्या घरची नाई, तुमच्याच दुकानातली हाये. डबा बी फोडला नाई. मी फक्त दाखवते, काप तुमी."

माय बघतच राहिली. "अवो बाई, हे कोर्टात आल्यावानी काऊन बोलून राह्यल्या? बसा ना आधी. इतके वर्ष भिंतीपलीकडं राह्यता अन आज येऊन राह्यल्या. मले वाटे, पेन्शनवाली बाई, आपल्याकडं कायले येईन."

सिस्टरबाई हसल्या. त्यांना ते खरं वाटलं नसावं. घरी आलेल्या माणसापुढं असं सावरून बोलणारी माणसं त्यांनी नोकरीत खूप पाहिली असतील. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मी कूलरकडं पाहत होतो. पाणी भरून वाहायला लागलं तरी पाहत होतो.

त्यांनी मायच्या खुर्चीसमोर स्टूल ठेवलं, ओलं फडकं दाबलं, किसणी मांडली. वांगं टोपीत रुतवून मायचा हात वर ठेवला. "बोटाचं काम नाई काकू, तळहाताचं हाये. बोटं राहू द्या वाकडे. ढकला."

मायनं ढकललं. एक चकती खाली पडली. मायनं ती उचलून डोळ्यांजवळ नेली.

"हे माह्या हातानं झालं?"

"मग काय माह्या?"

त्यानंतर माय थांबेना. वांगी संपली, तिनं बटाटे मागवले. बटाटे संपले, कच्चा आंबा कापला, काकडी कापली. तिच्यासाठी आणलेलं सफरचंदसुद्धा कापलं. बाई म्हणाल्या, "काकू, आता भाऊले कापसाल." माय म्हणाली, "तो टोपीत बसत नाई." दोघी हसल्या. मीही हसलो. त्या हसण्यात मी कशाला सामील झालो होतो, देव जाणे.

बाजेवर मायचं जुनं सुती लुगडं अंथरलं. एका टोकाकडून माय चकत्या मांडत आली, दुसऱ्या टोकाकडून सिस्टरबाई, आणि दोघी मधे भेटल्या. शेवटी मायचे हात दुखायला लागल्यावर अर्धं टोपलं बाईंनीच कापलं होतं. कोणती चकती कोणाची, हे पाहायला मी खरंच वाकलो. ओळखू येईना. किसणीतून सगळ्या सारख्याच निघाल्या होत्या.

माय आत बघून ओरडली, "चहा आणा वो, कपात आणा, बशी बी द्या." आमच्या घरातला चहा सिस्टरबाईंनी आमच्या कपात घेतला, तो त्या दिवशी. कप मी नेऊन दिला.

हात धुतल्यावर बाईंनी मायला पंजे पसरायला लावले. माय मोजून म्हणाली, "वाकडे हायेत, पण आले बाई."

रोवणीच्या दिवसांत एकदा मायनं लाखोरीच्या डाळीचं वरण करायला लावलं, त्यात त्या खुला. पानात वाढल्यावर मी क्षणभर थांबलो. माय म्हणाली, "काऊन थांबला? अर्ध्या सिस्टरबाईच्या हातच्या हायेत. चांगल्या पातळ झाल्या." तिला तसं म्हणताना काही वेगळं वाटत नव्हतं. मी घास घेतला. वांग्याची चव होती, जराशी धुरकट, उन्हाची. पोटात काही झालं नाही. इतकं साधं होतं ते, आणि त्यासाठी मी किती उन्हाळे बकऱ्या पोसल्या होत्या. मी पुन्हा वाढून घेतलं.

पुढची दोनेक वर्षं दोघींची जोडीच झाली. बाई रोज मायचं ब्लड प्रेशर बघायच्या, माय रोज त्यांना "जेवली का?" विचारायची. भिंतीला मध्ये एक दार पाडून घ्यावं असं मायच्या डोक्यात आलं होतं. ते राहिलं. हिवाळ्यात एका सकाळी माय झोपेतच गेली. शेवटची नाडी सिस्टरबाईंनीच पाहिली, हात उलटा करून.

आणि मग सिस्टरबाईंनी ती गोष्ट सांगायला सुरुवात केली. तेराव्याला बायकांत बसून त्या म्हणाल्या, "काकूले आधी आमच्या घरचं चालत नोयतं. पण पंचाहत्तरी गाठल्यावर बदलल्या त्या. माह्या डोळ्यानं पाह्यलं." बायका माना हलवत होत्या. मी दारात उभा होतो. तिथून पानं मांडायला निघून गेलो.

एकदा दवाखान्यात नव्यानं लागलेली एक मुलगी त्यांच्याकडं आली. तिला गावात खोली मिळत नव्हती. घरं रिकामी होती, पण आडनाव ऐकलं की भाड्यानं गेलेली असायची. बाई तिला घेऊन दुकानात आल्या, स्टुलावर बसवलं. ती रडत नव्हती, नुसती चिडलेली होती. म्हणाली, "बदलीच मागते मी." सिस्टरबाईंनी तिला मायची गोष्ट सांगितली. सगळी. बंद डब्यातली किसणी, ऊन, बाजेवरच्या चकत्या. "म्हातारी बदलते तं बाकीचे काऊन नाई बदलणार? थांब जराशी."

ती मुलगी ऐकत गेली तसा तिचा चेहरा सैल होत गेला. माझ्या मान हलवण्यातून निघालेलं खोटं कोणाच्या तरी कामी येताना मी गल्ल्यावर बसून पाहत होतो. तेव्हा बोललो असतो तर ती गोष्ट मोडली असती. हे मला खरंच वाटलं, की सोयीचं वाटलं, अजून ठरवता येत नाही. मी एवढंच म्हणालो, की आमची माडीवरची खोली रिकामी आहे.

सिस्टरबाईंनी माझ्या खांद्यावर थाप मारली. "पाह्य," त्या मुलीला म्हणाल्या, "काकूचाच पोरगा हाये शेवटी."

ती मुलगी अजून माडीवर राहते. ड्यूटीवरून उशीर झाला की आमच्याकडंच जेवते. बायकोशी तिचं माझ्यापेक्षा जास्त जमतं. किसणी तिच्या हातात असली की बायको स्वयंपाकघरातून ओरडते, "टोपी लाव गं." मायची ती किसणी आम्ही अजून वापरतो. बदललेलं बरंच काही आहे आमच्या घरात, ते मी रोज पाहतो.

सिस्टरबाई मागच्या उन्हाळ्यात लेकीकडं आरमोरीला राहायला गेल्या. गुडघे बोलायला लागले होते. सामान आधीच टेम्पोनं गेलं होतं. मी त्यांना बसस्टँडवर सोडायला गेलो. खिडकीजवळ बसल्या, मांडीवर त्यांची जुनी किसणी, टॉवेलात गुंडाळलेली. ती टेम्पोवाल्यावर सोपवायला त्यांचा भरोसा नव्हता. खिडकीतून त्यांनी एक डबा माझ्या हाती दिला. "घरी न्या."

मी तिथंच झाकण काढलं. कच्च्या केळाच्या चकत्या होत्या, तळलेल्या. मी एक तोंडात टाकली, मग दुसरी. गर्दीत, धुळीत, उभ्यानं.

"हात धुतले का?" बाईंनी विचारलं.

"नाई."

"मग?"

"खाऊ द्या ना, सिस्टरबाई."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मी तेव्हा सांगणार होतो. तोंडात घास होता, तो गिळला, तेवढ्यात गाडी सुरू झाली. बाईंनी दोन्ही हात खिडकीबाहेर काढून पंजे पसरले, तो बुटकाही. कंडक्टर आतून ओरडला, "बाई, हात आत घ्या." त्यांनी घेतले नाहीत. गाडी वळणापर्यंत गेली तोवर ते हात दिसत होते. मी तिथंच उरलेल्या चकत्या संपवल्या आणि रिकामा डबा पिशवीत घातला. येताना रेल्वे फाटक बंद होतं, मी मोटरसायकल थांबवली. पलीकडून बकऱ्या आल्या, पिशवीचा वास घेतला आणि निघून गेल्या.

तो डबा अजून माझ्याकडंच आहे. तांदूळ भरून ठेवला आहे. आरमोरी लांब नाही, सकाळी निघालं तर जेवायच्या वेळेला पोचता येतं. मायनं त्यांच्या घरचं कधी नाकारलंच नव्हतं, तिला बदलावं लागलंच नाही, बदलायचं होतं ते मला. हे सिस्टरबाईंना त्यांच्या समोर बसून सांगणं माझ्याकडं अजून बाकी आहे.